एका लाटण्याचा रस्ता

वन्संनी तो पितळी बिल्ला माझ्या खिडकीत ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाण खात्याच्या अधिकारी बाई कोणत्याही क्षणी येऊन धडकणार, माझ्या छातीत आधीच ढोल वाजतायत, आणि वन्सं लेथवाल्याकडून घडवून आणलेला, घासूनपुसून लखलखीत केलेला बिल्ला पुढ्यात ठेवून म्हणतात, "वहिनी, आजच्या दिवस हा वापर. ते लाटणं आत ठेव."

"का? लाटण्याने काय घोडं मारलंय?"

"अगं, आपला रस्ता लाटण्यावर चालतो म्हणून सांगू त्यांना? हसतील तोंडावर."

"हसू देत. चालतो तर लाटण्यावरच ना?"

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद आणि आमच्या खाणीची मालकीण. नोकरी करायची त्यांच्या हाताखाली आणि संसार करायचा त्यांच्या भावाबरोबर, म्हणजे मला पळायला जागाच नाही. पण फाटक माझं. डोंगराच्या पायथ्याशी आडवी दांडी, शेजारी एक खोली, तिला एक खिडकी, भिंतीवर वर खाणीच्या तोंडापर्यंत जाणारा तारेचा फोन. तिथे वन्संची मालकी चालत नाही. तिथे लाटण्याची चालते.

ते कसं, ते सांगते. फाटकापासून खाणीच्या तोंडापर्यंत रस्ता एकच. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, रुंदी एका ट्रकपुरती. वर जायची वाट तीच आणि खाली यायची तीच. म्हणून नियम असा: ज्या गाडीत लाटणं, तीच गाडी रस्त्यावर. बाकीच्यांनी आपापल्या टोकाला थांबायचं. गाडी खाली आली की मी खिडकीतून हात पुढे करते, ड्रायव्हर लाटणं हातात देतो, मग ते वर जाणाऱ्याला मिळतं. कधी खाली गाड्या जास्त साठल्या तर वरून कुणीतरी लाटणं घेऊन पायी उतरतो. पायी माणसाला लाटणं लागत नाही. नियम चाकांना आहे, पायांना नाही.

त्याआधी आमच्याकडे हॉर्नचा कारभार होता. मधल्या आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, पलीकडून उत्तर आलं नाही तर पुढे व्हायचं. माझे सासरे, ज्यांनी ही खाण स्वतःच्या हातांनी सुरू केली, ते एक दिवस भरला ट्रक घेऊन उतरत होते. वन्सं रिकामा ट्रक घेऊन चढत होत्या. दोघांनी वळणावर एकाच क्षणी हॉर्न दिला. आपलाच हॉर्न कानात असल्यावर दुसऱ्याचा कसा ऐकू येणार? सासऱ्यांनी मुलीला वाचवायला ट्रक दरीकडे वळवला. ते वेळेवर बाहेर फेकले गेले म्हणून जिवावरचं कंबरेवर निभावलं, पण कंबर गेली ती गेलीच. मला बातमी कळली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तशीच धावत सुटले. फाटकाशी आले तर पुढचा ट्रक वर निघालेला, कुणाला काही पत्ताच नाही. मी आडवी उभी राहिले. हातात काय आहे तेव्हा कुठे कळलं, पिठाने माखलेलं लाटणं. ते ड्रायव्हरच्या नाकासमोर धरून ओरडले, "यापुढे हे ज्याच्या हातात, तोच या रस्त्यावर जाईल! बाकीचे बसा!"

आणि सगळे बसले. तेव्हापासून बसतायत.

वन्सं त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. आजही त्यांनी मला बजावलं होतं, "बाबांचं काढायचं नाही. दयेवर रस्ता पास करून घ्यायचा नाहीये मला."

रस्ता पास होणं म्हणजे आमच्यासाठी जगणं-मरणं होतं. खात्याने नव्या नियमांचा मसुदा काढला होता: प्रत्येक खाणीचा रस्ता दोन पदरी हवा. मोठ्या खाणींना त्यात काही नाही. आमच्यासारख्या छोट्या भुयारी खाणीने कातळ फोडून दुसरा पदर काढायचा म्हटलं, तर डोंगरातून जे निघेल त्यापेक्षा जास्त डोंगरावरच घालावं लागेल. छोट्या खाणवाल्यांनी एकच गिल्ला केला. मग खातं म्हणालं, ठीक आहे, नियम पक्का करण्याआधी एक रस्ता प्रत्यक्ष पाहू. आणि एवढ्या डोंगरातून चिठ्ठी कुणाच्या नावाची निघाली? आमच्या. आमचा रस्ता पास झाला तर सगळ्यांना एकपदरी रस्त्याची मुभा. नापास झाला तर आमचं दुकान बंद आणि बाकीच्यांचंही. सगळ्या डोंगराची वरात आमच्या दारात आली होती.

अखेर बिल्ला वन्संनीच उचलून खिशात घातला, कारण आमचे हे जीपमधून ओरडले, "ताई, ड्रायव्हर लोक बिल्ला बघून गाडी हलवायचेच नाहीत. चल आता!" दोघं बहीणभाऊ लाटणं घेऊन वर गेले. वर यांचा भरलेला ट्रक उभा होता, त्यामागे आणखी भरलेल्या गाड्यांची रांग. थोड्या वेळाने वरचा एक मुकादम लाटणं घेऊन पायी खाली आला. सगळं ठरल्याप्रमाणे. मी केस नीट केले, लाटणं पदराने पुसलं आणि खिडकीत ठेवलं.

अधिकारी बाई आल्या त्या स्वतः गाडी चालवत. बरोबर ना शिपाई ना लवाजमा. कंबरेला मोजायची फीत, पायात जाड बूट. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं, फीतवाल्या बाई. मी लाटणं पुढे केलं.

"हे काय?"

"हे असल्याशिवाय वर जाता येत नाही."

त्या हसल्या नाहीत. लाटणं उलटसुलट करून पाहिलं, मग शेजारच्या सीटवर ठेवलं. ते लगेच घरंगळायला लागलं, तर त्याला चक्क पट्टा लावला. मला त्या तिथेच आवडल्या.

वर त्यांनी काय काय केलं ते मला तारेवरून यांनी सांगितलं. प्रत्येक वळणावर उतरल्या. कठड्याला लाथ मारून पाहिली. ॲम्ब्युलन्स कुठे वळेल म्हणून विचारलं. पाणी कुठून वाहतं ते वाकून पाहिलं. आंधळ्या वळणावर बराच वेळ उभ्या राहिल्या. "बाई पक्क्या आहेत गं," हे म्हणाले, "पण नाक मुरडत नाहीयेत. मला वाटतं जमतंय!" माझ्या हातापायांत वारं शिरलं. मी खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिले. खाली रिकामा ट्रक घेऊन आमचे मामा थांबले होते. हे माझे कुणी सख्खे मामा नव्हेत; डोंगरावरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, म्हणून जगाचे मामा. ते म्हणाले, "पोरी, एका जागी बस. तुला बघून मला चक्कर येतेय."

मग फीतवाल्या बाईंची गाडी खाली आली. फाटकाशी थांबली. मी खिडकीतून जवळजवळ अर्धी बाहेर आले होते.

"काय मग बाई? कसा वाटला रस्ता?"

त्यांनी इंजिन बंद केलं, आणि त्या बंद करण्यातच मला काहीतरी कळलं.

"रस्ता चांगला ठेवलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलणार नाही. पण मला दोन पदरीच लिहावं लागेल."

"का? लाटणं पाहिलंत ना तुम्ही?"

"लाटणं पाहिलं. लोक ते पाळतात, हे कुठे पाहिलं? मी समोर असताना सगळेच पाळणार. पाहुणे आले की घर आवरलेलंच असतं, ताई. कुणाला घाई असेल, रस्ता समोर मोकळा दिसत असेल, बघणारं कुणी नसेल, तेव्हा काय होतं ते मला कसं कळणार? त्यावर मी लोकांचे जीव टांगू शकत नाही."

मला उत्तर माहीत होतं, पण दाखवता येत नव्हतं. पदराने डोळे टिपले. सासऱ्यांचं नाव ओठांवर आलं होतं, ते वन्संच्या धाकाने गिळलं. मी दांडी वर केली. गाडी गेली. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले, आणि सगळ्या डोंगरावरच्या खाणी माझ्या डोळ्यांदेखत बंद होताना मला दिसत होत्या.

"पोरी," मामा ट्रकमधून म्हणाले, "लाटणं दे. निघतो वर."

मी खिडकीकडे हात नेला. खिडकी रिकामी.

एवढ्या वर्षांत एकदाही न चुकलेला माझा हात आज पुढेच झाला नव्हता! रडण्याच्या नादात मी लाटणं घ्यायला विसरले होते, आणि ते पट्टा बांधून, ऐटीत, खात्याच्या गाडीतून शहराकडे निघालं होतं.

मी फोन फिरवला. वर यांनी उचलला. सगळं एका दमात सांगितलं. लगेच मागून वन्संचा आवाज, "काय? नापास? लाटणं नेलं?" मग यांचं, "ताई त्यांना मोबाइलवर फोन लावतेय... उचलत नाहीत म्हणे." कशा उचलतील? गाडी चालवताना फोन उचलणाऱ्यातल्या त्या नव्हेतच. मी त्यांचा फोन मागच्या सीटवर पडलेला पाहिला होता.

"अहो, वन्सं जीप घेऊन खाली आल्या तर त्यांना गाठता येईल," मी म्हणाले आणि म्हणता म्हणता जीभ चावली.

"कशी येणार?" हे म्हणाले. "लाटणं कुठाय?"

"रस्ता रिकामा आहे. मामा इथे माझ्यासमोर आहेत."

"तू सांगतेस म्हणून रिकामा. असं सांगण्यावरच चालायचं तर लाटणं कशाला हवं होतं? मी नाही हलणार. मागचे पण नाहीत हलणार, विचारलं मी."

"आणि वन्सं?"

"ताईने बिल्ला बाहेर काढला. बघितला. परत खिशात घातला. जीपच्या दारापाशी उभी आहे."

पुढचं मी ऐकलंच नाही. दांडी खाली केली, साखळी लावली, किल्ली कंबरेला खोचली, स्कूटर काढली. पलीकडचा मोठा रस्ता सरकारचा, तिथे लाटण्याचं राज्य नाही. मामा ओरडले, "हेल्मेट!" म्हणून हेल्मेट घातलं आणि सुटले. स्कूटर आमची म्हातारी, चढावर खोकते, उतारावर किंचाळते. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढं पळवलं. शेणाचे गोळे चुकवले, एका ट्रॅक्टरला मागे टाकलं, एका कोंबडीची माफी मागितली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं की आतूनच येत होतं, देव जाणे. मनात एकच चाललं होतं: सापडू देत, पेट्रोलला थांबू देत, त्यांना तहान लागू देत.

पेट्रोल पंपावरच सापडल्या. टायरमध्ये हवा भरत होत्या. माझी स्कूटर त्यांच्या शेजारी येऊन अशी थांबली की पंपावरचा माणूस दोन पावलं मागे सरला.

"लाटणं!" एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी गाडीत पाहिलं. लाटणं पट्ट्यात शांत बसलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा. माझ्याकडूनच राहिलं. पण त्यासाठी तुम्ही एवढ्या लांब...? पाठवून दिलं असतं मी."

"पाठवून कसं चालेल? वर गाड्या उभ्या आहेत!"

"कुठे उभ्या आहेत?"

"खाणीच्या तोंडाशी. भरलेल्या. खाली मामा उभे आहेत. रस्ता बंद आहे, बाई. तुम्ही निघालात तेव्हापासून."

त्यांनी हवेची नळी हातातच धरली होती. ती फुसफुसत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी निघाल्यापासून? पण रस्त्यावर तर कुणीच नाही."

"नाहीच."

"दुसरं लाटणं नाही का तुमच्याकडे?"

"घरात आहेत की दोन. पण दुसरं काढलं की रस्त्यावर दोन झाली ना? दोन लाटणी म्हणजे दोन गाड्या. मग हॉर्न काय वाईट होता?"

मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. नळी जागेवर ठेवली, लाटण्याचा पट्टा सोडला आणि ते दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

"तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "मी मागून येते. त्यांना फोन करू नका. काहीही कळवू नका. मला बघायचंय."

परतीच्या वाटेला माझं काळीज स्कूटरच्याही पुढे पळत होतं. आरशात त्यांची गाडी, हँडलपाशी पिशवीत लाटणं. आणि अचानक भीती वाटली. एवढा वेळ गेलाय. यांच्या मागचे ड्रायव्हर वैतागले असतील. वन्सं तर अशा की गरम चहासुद्धा थांबून पीत नाहीत. त्यांची सगळी खाण त्या एका गाडीतून निघून गेली होती. हातात जीप, खिशात बिल्ला, समोर मोकळा रस्ता. देवा, त्या निघाल्या नसू देत. माणूसच आहेत त्या.

फाटकापाशी पोचलो. साखळी तशीच. मामा केबिनमधून पाय बाहेर काढून घोरत होते. फाटकापासून वर पाहिलं की जवळजवळ सगळा रस्ता डोंगरावर दिसतो, ते मधलं एक वळण सोडून. वर अगदी टोकाला ट्रकांची रांग उन्हात चमकत होती. त्यांच्यामध्ये वन्संची हिरवी जीप. एकही चाक हललं नव्हतं. खाली सगळा रस्ता ओकाबोका, कुत्रंसुद्धा नाही.

फीतवाल्या बाई गाडीतून उतरल्या. कपाळावर हात आडवा धरून पाहत राहिल्या. त्यांनी कंबरेची फीत चाचपली, जसं काही मोजायचं राहिलंय, आणि मग सोडून दिली.

"तिथे कुणी आहे," त्या एकदम म्हणाल्या.

त्या मधल्या वळणाआडून एक माणूस पायी येत होता. धावत, मग चालत, मग पुन्हा धावत. अजून जवळ आला तेव्हा मी ओळखलं. वन्सं! आजच्या भेटीसाठी मुद्दाम घातलेले नवे कपडे गुडघ्यापर्यंत धुळीने लाल, उंच टाचांचे सँडल दोन्ही हातांत, केस सुटलेले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रागच आला, एवढ्या वर्षांत मी ते त्यांना कधी सांगितलं का नाही याचा.

त्या दांडीला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या. अधिकारी बाईंना पाहिलं आणि दचकल्या.

"तुम्ही... मला वाटलं तुम्ही गेलात. मी तुम्हालाच गाठायला निघाले होते. मला फक्त पाच मिनिटं बोलायचं होतं."

"वर तुमची जीप आहे," बाई म्हणाल्या.

"आहे."

"रस्ता रिकामा होता."

"होता."

"चालत येईपर्यंत मी घरी पोचले असते. तुमची खाण गेली असती."

"हो," वन्सं म्हणाल्या. "धावताना तोच विचार होता डोक्यात."

"मग जीप का नाही आणलीत?"

वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांना प्रश्नच कळला नाही.

"लाटणं माझ्याकडे नव्हतं," त्या म्हणाल्या.

बाईंनी मागे वळून पुन्हा एकदा वर पाहिलं, त्या उभ्या रांगेकडे. मग गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवला, पेन काढलं.

"दोन पदर लागणार नाहीत असं लिहितेय. तुम्हालाही नाही आणि तुमच्यासारख्या इतरांनाही नाही. एक रस्ता, एक खूण. खूण नसेल तर गाडी हलणार नाही. मोठी माणसं वाद घालतील, पण मी आज इथे जे पाहिलंय ते त्यांनी पाहिलेलं नाही." पेन थांबलं. "तुमच्या रस्त्याची खूण काय म्हणून लिहू? वर कुणीतरी बिल्ल्याचं म्हणत होतं."

वन्संनी खिशात हात घातला. पितळी बिल्ला काढला, तळहातावर एकदा झेलला आणि माझ्या खिडकीत पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवून दिला.

"लाटणं लिहा," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले आणि हसायलाही, दोन्ही एकदम, आणि मामा दचकून जागे झाले. "पास?" ते ओरडले. "पास!" मी ओरडले. त्यांनी ट्रकचा हॉर्न एवढा लांब वाजवला की वरून यांनी उत्तर दिलं, मग मागच्याने, मग सगळ्यांनी, सगळा डोंगर दुमदुमून गेला.

मामांनी हात पुढे केला. मी लाटणं देणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "मी जाते मामांबरोबर. दे इकडे." त्या केबिनमध्ये चढल्या, अनवाणीच, आणि लाटणं मांडीवर आडवं धरून बसल्या. मी दांडी वर केली.

रिकामा ट्रक चढू लागला. वर माझा नवरा भरला ट्रक घेऊन उभा होता. मी खिडकीत उभी राहून पाहत होते. फीतवाल्या बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ट्रक त्या मधल्या वळणापाशी पोचला आणि दिसेनासा झाला. मी श्वास रोखला, जसा दर वेळी रोखते. मग तो पलीकडून बाहेर आला, वर, उन्हात, आणि समोरून कुणीच येत नव्हतं.